गुलाल, खोबरेल आणि उद्यमनगरातला बिनपाटीचा कुशनवाला

आमची गाडी म्हणजे २०१२ची स्कोडा सुपर्ब. शेंद्र्याच्या कारखान्यात जुळणी झालेली, पहिल्या मालकाकडे साखर कारखान्याच्या मीटिंगांना फिरलेली, आणि २०२१ साली आमच्या दारात आली तेव्हा आतून सायीच्या रंगाची. घेताना ह्यांनी बॉनेट उघडून इंजिन ऐकलं, मी मागचं दार उघडून सीटा बघितल्या. क्रीम लेदर, बसायच्या जागी बारीक बारीक भोकं, कडेला दुहेरी शिलाई. त्या सीटांसाठीच मी हो म्हटलं. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यातला निम्मा दोष माझा धरायला हरकत नाही.

रिव्ह्यू आहे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कुशनवाल्याचा. दुकानावर पाटी नाही. लेथच्या दोन दुकानांच्या मधे एक शेड, दारात जीपच्या सीटांचे सांगाडे आणि वर टांगलेला रेक्झिनचा रोल, एवढीच खूण. पण त्याच्याकडे जायची वेळ का आली ते आधी सांगते, कारण आमच्या घरात गाडीच्या सीटवर जे जे प्रयोग झाले ते तुमच्याही घरात होत असणार.

गेल्या चैत्रात आम्ही जोतिबाला गेलो. ज्यांनी चैत्री यात्रा बघितली नाही त्यांना सांगून कळणार नाही. सासनकाठ्या, म्हणजे देवाच्या उंच मानाच्या काठ्या, नाचत येतात तेव्हा डोंगरावर माणसं, देऊळ, कुत्री, सगळं एकाच गुलाबी रंगाचं होतं. मागच्या सीटवर मी शहाणपणानं जुनी चादर अंथरली होती. पुढच्या दोन सीटांचं लक्षातच आलं नाही. परत येऊन बघते तर पाठ टेकायची जागा गुलाबी, आणि त्या बारीक भोकांत गुलाल असा ठासून बसलेला, जणू कुणी मुद्दाम भरलाय. मी काय केलं? ओलं फडकं घेतलं आणि पुसलं. कोरडा होता तोवर तो गुलाल होता, पाणी लागल्यावर रंग झाला. राणी कलर. मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते हे इथे नाइलाजानं कबूल करते.

मग शहरातलं एक चकचकीत वॉशिंग सेंटर. 'इंटिरियर डीप क्लीन', १८०० रुपये, एसी वेटिंग रूम, कॉफी. काचेतून मला दिसत होतं: एका पोरानं जांभळ्या पाण्याचा फवारा दारावर, डॅशबोर्डवर आणि सीटवर सारखाच मारला, फरशी घासायच्या ब्रशसारख्या कडक ब्रशनं खसाखसा घासलं, आणि वरून कसलंसं चकाकी आणणारं पाणी फासलं. गाडी हातात आली तेव्हा सीटा लग्नातल्या नवरदेवाच्या बुटासारख्या चमकत होत्या. स्ट्रॉबेरीचा वास. कागलच्या अलीकडे एक म्हैस आडवी आली, ब्रेक दाबला, तर मी सीटवरून घसरून पट्ट्यात अडकले. पंधरा दिवसांत त्या चकाकीवर धूळ बसून कडा काळ्या पडल्या. गुलालही पुरता गेला नव्हता. जांभळ्या पाण्याबरोबर वाहत जाऊन शिलाईच्या दोऱ्यात चंद्रकोर करून बसला होता.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती कळायला मला चार वर्षं लागली. लेदरची सीट नवी असते तेव्हा चमकत नाही, ती मॅट असते. चमकायला लागली की समजायचं, घाम, अंगाचं तेल आणि मळ यांचा थर चढलाय. आपण त्या चमकेला 'पॉलिश' समजून खूश होतो, आणि दुकानदार तीच बाटलीत भरून विकतो.

यानंतर घरच्यांनी हात लावला. धाकट्याच्या जीन्सचा निळा रंग ड्रायव्हर सीटच्या पुढच्या कडेला उतरला होता. इंडिगो पाण्यात विरघळत नाही, धाग्यावर नुसता बसून असतो आणि घासलं की समोरच्याला लागतो, हे मी दर वर्षी वर्गात सांगते. माझ्याच पोरानं ते न ऐकता भिंतीवरचे डाग काढायचा तो पांढरा जादूचा स्पंज आणला आणि घासला. निळा रंग गेला. त्याच्याबरोबर सीटचा क्रीम रंगही गेला, कारण तो स्पंज म्हणजे अतिबारीक पॉलिश पेपरच. तळहाताएवढा ठिपका भकास दिसायला लागला.

आणि मग सासूबाई. त्यांचा काही दोष नाही, त्या कोल्हापूरच्या आहेत. आमच्या मामंजींची कापशी कोल्हापुरी चप्पल अजून माळ्यावर आहे. दर उन्हाळ्यात तिला तेल पाजायचं हा घरातला कुळाचार. 'चामडं तहानलंय गं,' म्हणत त्यांनी मे महिन्याच्या एका दुपारी कापसाच्या बोळ्यानं दोन्ही सीटांना खोबरेल चोळलं. मायेनं, शिलाईच्या आतपर्यंत. त्यांच्या बाजूचा हेडरेस्ट तसाही डोक्याच्या तेलानं तपकिरी झालाच होता, आता बाकीची सीट त्याच्या जोडीला आली.

जुलैत गाडी दहा दिवस उभी राहिली. आम्ही रत्नागिरीला एसटीनं गेलो होतो, आंबा घाटात दरड आली म्हणून तिकडेच अडकलो. परत येऊन दार उघडलं तर आतून ओल्या गोणपाटाचा वास, आणि सीटांवर पांढरा बुरा. नेमका तेल लागलं तिथेच. बुरशीला दमट हवा लागते आणि खायला काहीतरी लागतं. हवा कोल्हापूरच्या पावसानं पुरवली, खाणं आम्ही.

तर असे आम्ही ऑगस्टात उद्यमनगरात पोचलो. पत्ता दिला आमच्या गाडीच्या मेकॅनिकनं.

कुशनवाला साठीचा, कमरेला मळकं एप्रन, कानामागे पेन्सिल. मी त्याला मामा म्हणते, तो मला वहिनी. दार उघडून त्यानं आधी वास घेतला, मग अंगठ्यानं सीट दाबली. 'खोबरेल?' मी सासूबाईंकडे बघितलं नाही, पण त्या सोबत आल्या होत्या आणि त्यांनीच उत्तर दिलं, 'मग काय? चामड्याला तेल नको?'

मामानं पायातली चप्पल काढली. खरंच काढली, आणि बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब तिच्यावर टाकला. थेंब क्षणभर दिसला आणि काळा डाग होऊन आत गेला. मग तसाच थेंब सीटवर. तो अळवावरच्या पाण्यासारखा गोल होऊन बसून राहिला, सीट हलवली तर घरंगळला.

'आज्जी, चप्पल उघडी हाय, ती पिती. ह्याला वरनं रंग हाय, रंगावर आनि कोट हाय. तुमचं तेल कोटावर बसतंय. भोकातनं आत जातंय त्ये फोममदी जातंय. चामड्याला मिळालं कुठं?'

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, त्याला दिवसच्या दिवस लागतात, आणि वर कसलाही लेप नसतो. गाडीच्या सीटचं कातडं बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं असतं. कमावून निघतं तेव्हा ते निळसर दिसतं, मग त्यावर रंगाचा थर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर. म्हणजे आपण बसतो ते कातड्यावर नाही, कातड्यावरच्या रंगावर बसतो. भिंतीला ऑइलपेंट दिलाय आणि आपण विटांना तेल लावतोय. फार महागड्या गाड्यांत बिनलेपाचं, पाणी पिणारं लेदर असतं म्हणे, त्याची गोष्ट वेगळी. तुमचं कुठलं ते बघायला थेंबाची परीक्षा पुरते, पण कोपऱ्यात कुठेतरी करा.

दुसरी गोष्ट त्यानं दाखवली तिनं मला जरा लागलं. सीटच्या बाहेरच्या बाजू, पाठीमागचा भाग, दाराचं पॅड हे सगळं रेक्झिन. लेदर फक्त अंग टेकतं तिथे. बहुतेक गाड्यांत असंच असतं, म्हणाला. कसं ओळखायचं? बोटानं दाबलं की लेदरला बोटाभोवती बारीक सुरकुत्या पडतात, रेक्झिनला नुसता खळगा पडतो. घरी येऊन मी सोफा दाबला. जाऊ दे.

आता काम. त्यानं दोन तास सांगितले होते, साडेदहाला बसलो ते चार वाजले. बसायला जागा नाही, एक उलटा डबा मिळाला. त्यावर बसून मी युनिट टेस्टचे बत्तीस पेपर तपासले आणि मधून मधून त्याचे हात बघितले.

पाण्याला त्यानं पहिला तासभर हातच लावला नाही. आधी बुरा: गाडी बाहेर उन्हात, चारही दारं उघडी, मऊ कोरडा ब्रश आणि लगोलग व्हॅक्यूम, म्हणजे झटकलेलं परत आतच पडायला नको. मग गुलाल. व्हॅक्यूमचं चिंचोळं तोंड भोकांवर धरायचं आणि सीटच्या पाठीवर मागून तळहातानं थापट्या मारायच्या, गोधडी झटकतो तशा. व्हॅक्यूमच्या पारदर्शक डब्यात गुलाबी धुरळा फिरताना दिसत होता. चार महिन्यांपूर्वीचा जोतिबा. मी उत्साहानं पर्समधली टाचणी काढून एक भोक कोरायला गेले, तर 'वहिनी!' असा ओरडला की शेजारच्या लेथवाल्यानं मान वर केली. भोक फाटलं की तिथनंच चीर जाते.

मग फेस. बाटलीवरचं लेबल त्यानं काढून टाकलंय, विचारलं तर हसतो. मला राहवेना, पर्समध्ये लॅबमधली इंडिकेटर पेपरची गुंडाळी होती (शिक्षकाच्या पर्समध्ये काय असेल सांगता येत नाही), तिचा तुकडा फेसाला लावला. पिवळसर. म्हणजे किंचित आम्लाकडे झुकणारं, लेदरला मानवणारं. दुसऱ्या दिवशी घरी धुण्याच्या पावडरच्या पाण्यात तोच कागद बुडवला तर गडद निळा. लेदर स्वतः आम्लधर्मी असतं, त्यावर अल्कली घासत राहिलं तर आधी वरचा लेप जातो आणि मग आतलं कातडं कडक होत जातं. त्या जांभळ्या पाण्याला मी कागद लावला नव्हता, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही.

हेडरेस्टचं काम मी जवळून बघितलं. फेस सीटवर मारायचा नाही, ब्रशवर घ्यायचा. ब्रश घोड्याच्या केसांचा, बुटाच्या पॉलिशच्या ब्रशहून मऊ. फेस ताकावरच्या लोण्यासारखा घट्ट, त्यामुळे वाहत नाही. वीतभर जागा घ्यायची, गोल गोल फिरवायचं, जोर नाही, नुसतं फिरवायचं. आणि फेस वाळायच्या आत टॉवेलनं उचलायचा. पुसायचा नाही, उचलायचा. पहिल्या वेळी टॉवेल कोऱ्या चहाच्या रंगाचा झाला, दुसऱ्या वेळी दुधाच्या चहाचा. चौथ्या वेळी जवळजवळ पांढरा. पाचव्यांदा त्यानं केलं नाही. 'आता निघतंय त्ये मळ न्हाई, रंग निघंल.' हेडरेस्टच्या मध्यावर फिकट तपकिरी सावली राहिली, ती राहणार असं त्यानं आधीच सांगितलं होतं. घाम आणि तेल वर्षानुवर्षं एकाच जागी लागलं की लेप मऊ पडतो आणि तेल खाली उतरतं. ते घासून येत नाही. मला हे आवडलं. शंभर टक्के निघेल म्हणणाऱ्याला १८०० देऊन आले होते.

भोकांच्या भागावर फेस सुद्धा नाही, नुसतं फेस लावून पिळलेलं फडकं, तेही हलकं. फोममध्ये पाणी गेलं की पावसाळ्यात ते वाळत नाही. सीटखाली हात घालून त्यानं मला एक पिवळा प्लग दाखवला, तो एअरबॅगचा. सीट धुवायला उघडतो म्हणणाऱ्या पोराला त्या प्लगपासून लांब ठेवायचं. मी त्या वॉशिंग सेंटरमधला फवारा आठवून गप्प बसले.

स्पंजनं सोललेल्या ठिपक्यावर थेंब टाकला तर तो चपलेसारखा आत गेला. तिथे रंग द्यावा लागला. पांढरा, पिवळा आणि जरासा तपकिरी असे तीन थेंब बशीत कालवून तो सीटच्या खालच्या कडेला लावून बघायचा, हेअर ड्रायरनं वाळवायचा, मान हलवायचा, परत कालवायचा. सहाव्या वेळी जमलं. स्पंजच्या तुकड्यानं टिपून टिपून चार पातळ थर, वरून मॅट कोट. उन्हात तिरकं बघितलं तर मला कळतो, ह्यांना कळत नाही.

शेवटी क्रीम. मी म्हटलं, मामा, एवढं तेल तेल म्हणून ओरडलात आणि आता हे काय? म्हणाला, हे तेल नाही; हे कोट मऊ ठेवतं, ऊन थोडं अडवतं आणि जीन्सला घसरू देतं. एका अख्ख्या पाठीला चण्याएवढं. खरंच चण्याएवढं, कारण मी बघत होते. फडक्यावर घेऊन पसरायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि कोरड्या फडक्यानं उरलेलं सगळं काढायचं. हात फिरवला तर चिकट नाही, चकचकीत नाही. सीटा अशा दिसत होत्या जशा मी २०२१ साली मागचं दार उघडून बघितल्या होत्या. मॅट. वासही नाही, किंवा असलाच तर नव्या वहीसारखा.

बिल २२०० आणि रंगाचे ६०० वेगळे. बिल म्हणजे तोंडी. कागद मागितला तर कॅलेंडरच्या पानामागे लिहून दिला.

तक्रारी आहेत. फोन उचलत नाही. दोन तास सांगून साडेपाच तास हा हिशोब मला मान्य नाही, आणि बायकांना बसायला काय, उभं राहायलाही धड जागा नाही. मागच्या सीटचं मधलं आर्मरेस्ट उघडून त्यानं आत बघितलंच नाही. तिथे घरी आल्यावर मला शेंगदाण्याची टरफलं आणि पहिल्या मालकाच्या काळातली एक सुपारी सापडली. ड्रायव्हर सीटच्या उजव्या कडेला, जिथून आपण उतरताना रोज घासतो, तिथे बारीक भेगा आहेत. त्या त्यानं रंगानं झाकल्या, भरल्या नाहीत. भरायचं म्हटलं तर सीट काढावी लागेल, दोन दिवस आणि पैसे वेगळे, असं सांगितलं. हे तरी सांगितलं. झाकून मोकळा झाला असता तर मला कळलंही नसतं.

आता सहा महिने होत आले. मी स्वतः जे करते ते एवढंच: आठवड्याला कोरडं मायक्रोफायबर, महिन्याला व्हॅक्यूम, आणि तीन महिन्यांनी एकदा रविवारी सकाळी फेस आणि ब्रश. लेदर क्लीनर मी बाजारातून घेतला, पाण्यात बनवलेला आणि अल्कली नसलेला बघून. कागद लावून खात्री केली, दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. 'क्लीनर आणि कंडिशनर एकात' अशी बाटली हातात घेऊन परत ठेवली. मळ काढायचा आणि त्याच हातानं थर द्यायचा, म्हणजे निम्मा मळ थराखाली. कुणाला चालत असेल तर चालवा. दिवाळीनंतर क्रीमचा हात एकदा फिरवला, तेवढाच.

आणि हेडरेस्टला सासूबाईंच्या बाजूनं जुन्या इरकलीचं कव्हर शिवलंय, मामाकडूनच, ऐंशी रुपयांत. आधी त्या रुसल्या. आता पाहुण्यांना दाखवतात.

गुलाल पुरता गेलेला नाही. डाव्या सीटवर, खांद्याच्या जरा खाली, पाच भोकं अजून गुलाबी आहेत. मी परवा फडकं घेऊन बसले तर सासूबाई म्हणाल्या, 'असू दे गं, देवाचा हाय तो. आणि पुढच्या महिन्यात परत जायचंयच की.' चादरी तीन काढून ठेवल्यात.

जाणार असाल तर सोमवारी दुकान बंद. सकाळी दहाच्या आत गाठा, पाण्याची बाटली आणि वाचायला काहीतरी न्या. आणि खोबरेल लावलं असेल तर आधीच सांगून टाका, त्याला वासावरून कळतंच.